एकोणतिसावा अंक सगळ्यात आधी

१

अकरा वाजता संमेलनाच्या हॉलमधलं कपाट उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वरच्या कप्प्यातलं खाकी पाकीट जागेवर नव्हतं.

मी केदारनाथ. बीडला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, पण माझी खरी ओळख म्हणजे मी 'ताम्रवासी' ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'ताम्रग्रह' नावाची चित्रकथा १९८४ ते ९१ आमच्या जिल्ह्यातल्या एसटी स्टँडांवर विकली जायची. एकूण एक्केचाळीस अंक. वडवणीच्या शाळेत चित्रकला शिकवणारे विश्वेश्वर सर एकटेच लिहायचे आणि एकटेच काढायचे. एक्केचाळिसाव्या अंकाच्या शेवटच्या पानावर कप्तान भानुकेत भट्टीत शिरतो, खाली 'क्रमशः' छापलंय, आणि त्यानंतर तेहेतीस वर्षं एक ओळसुद्धा आली नाही. सरांनी मधेच का थांबवलं ते कुणालाच कळलं नाही. आम्ही मात्र दरवर्षी चौसाळ्याला संमेलन भरवतो, तांब्याच्या पेल्यातून पाणी पितो आणि एकमेकांना "तांबं तापलं का?" असं विचारतो. बायका-पोरं आम्हाला येड्यात काढतात ते त्यामुळेच.

यंदा सरांचा निरोप आला. बेचाळिसावा, शेवटचा अंक काढून झालाय. हाताने रंगवलेली एकच प्रत आहे. फोटो नाही, झेरॉक्स नाही. संमेलनात सगळ्यांसमोर वाचायचा, आणि सर स्वतः दुपारी तीनला येऊन समोर बसणार. "मला वाचणाऱ्याचा चेहरा बघायचाय," असं ते फोनवर म्हणाले होते. वय एकोणऐंशी, अर्धं अंग लुळं पडलेलं, डॉक्टरांनी पुढच्या वर्षाचं काही खरं नाही म्हणून सांगितलेलं. म्हणजे त्या पाकिटात त्या माणसाचं उरलंसुरलं सगळं होतं, आणि ते माझ्या ताब्यात दिलेलं होतं.

मी ओरडणार तेवढ्यात न्हाणीघरातून आमच्या ग्रुपमधल्या शाईस्ताची किंकाळी ऐकू आली.

२

बादलीत वॉशिंग पावडरचा फेस होता आणि फेसाखाली निळा-तांबडा चोथा. कुणीतरी पानं आधी बारीक फाडली होती, मग भिजवून कणकेसारखी मळली होती. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

"पोलिसांना बोलवू," मी म्हणालो.

"बोलवून काय लिवून देणार केदारशेठ? चित्राचं पुस्तक भिजलं?" इलियासभाई म्हणाले. त्यांनी बाह्या सारल्या, बादलीत हात घातला आणि आतल्या कडेला चिकटून राहिलेला, काड्यापेटीएवढा एक तुकडा नखाने अलगद सोडवला. तो टीपकागदात घालून त्यांनी खिशात ठेवला. "सुकला तर सुकला," म्हणाले.

इलियासभाई म्हणजे आमचे बाइंडर. आमच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अंकांना पुठ्ठा आणि कापडी पाठ त्यांनीच चढवली, पाठीवर नंबर त्यांनीच टाकले. आणि त्यातला एकही अंक त्यांनी वाचलेला नाही. "मी पानं मोजतो. वाचायला बसलो तर धंदा कवा करायचा?" असं त्यांचं म्हणणं. मला त्या क्षणी हाच माणूस बरा वाटला, कारण या हॉलमध्ये शेवट कळण्यासाठी जीव टाकत नसलेला तो एकटाच होता.

सकाळी काय झालं होतं ते सांगतो. सरांची मुलगी अपेक्षाताई साडेआठला पाकीट देऊन सरांना आणायला परत गेली. मी आणि इलियासभाईंनी ते कपाटात ठेवलं, खालच्या कप्प्यात एक ते एक्केचाळीस अंक ओळीने लावले आणि किल्ली स्टेजमागच्या खिळ्याला अडकवली. मग आम्ही दोघं माझ्या गाडीवर बीडला फ्लेक्स आणायला गेलतो. हॉल पहिल्या मजल्यावर, जिना एकच, आणि जिन्याच्या पायथ्याशी खत-बियाण्याचं दुकान घेऊन बद्रीनाथ बसलेला. तो शपथेवर सांगत होता की मधल्या वेळात तिघांशिवाय कुणी वर गेलं नाही.

ती तिघं म्हणजे शाईस्ता, भागवत आणि आप्पा.

"उघडंच हाय की," मी म्हणालो. "भागवत. जुने अंक विकायचा धंदा त्याचा."

"विकणारा मळून ठिवतो का?" इलियासभाई कपाटासमोर उकिडवे बसले होते. "केदारशेठ, हिकडं बघा. सकाळी मी लावलेली ओळ हाय का ही?"

मी पाहिलं. एकच्याही आधी, अगदी डाव्या टोकाला, एकोणतीस नंबर उभा होता.

"घाईत लावला असंल कुणी."

"घाईत असता तर जिथनं काढला तिथंच गेला असता. अठ्ठावीस आन् तीसच्या मधी फट मोकळीच होती ना? ती फट कुणीतरी बंद केली. सगळी ओळ सरकवून घट्ट केली, आन् मंग एकोणतीस सगळ्यात म्होरं ठिवला." त्यांनी बोटाने पुठ्ठ्यांच्या पाठी चाचपल्या. "एवढा निवांतपणा? कशापायी?"

३

इलियासभाईंनी एकेकाला स्टेजवर बोलावलं. कुठे होतास, काय करत होतास, असलं काही विचारलं नाही. सगळ्यांना एकच प्रश्न: एकोणतीस नंबरमध्ये काय हाय?

भागवत आमच्या ग्रुपचा उपाध्यक्ष. छाती काढून बोलायला लागला. "एकोणतीस म्हणजे सगळ्यात दुर्मिळ. तीन हजार छापला, प्रेसमधी पाणी शिरलं, दोन हजार गेले. पिवळा कागद. मागच्या पानावर बियाण्याची जाहिरात."

"ते झालं. गोष्ट काय हाय?"

भागवतने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "माझी प्रत सीलबंद हाय चाचा. फोडली की भाव पडतो."

"मंग बाकीचे अंक?"

"ते बी सीलबंदच."

नऊ वर्षं या गड्याने संमेलनात भाषणं ठोकली होती. मला हसू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

शाईस्ता शिवणकाम करते. दरवर्षी ताम्रग्रहावरच्या कुणाचा तरी पोशाख शिवून येते आणि फोटोत सगळ्यात पुढे असते. यंदा ती एकोणतिसाव्या अंकातलं शोककवच शिवत होती. "काळं कवच, खांद्यावर सात पट्ट्या, छातीवर तांब्याची कडी. पूर्ण सकाळ मागच्या खोलीत मशीनवरच होते मी, पावणेअकरापर्यंत मशीन चालू होती. ऐकलं असंल सगळ्यांनी."

"शोक कुणाचा करतात ते लोक?"

"कुणाचा तरी." तिचा आवाज बारीक झाला. "माझ्याकडं त्या एकाच पानाचा फोटो हाय चाचा. पंधरा-सोळाच्या पुढं वाचलंच न्हाई मी. ग्रुपवर नका सांगू."

मी मनातल्या मनात मेसेज लिहायला घेतलाही होता.

उरले आप्पा. लिंबागणेशचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बीड–वडवणी गाडीवर असताना त्यांनी पहिला अंक स्टँडवर घेतला, त्या दिवसापासून ते ताम्रग्रहाचेच झाले. कप्तान भट्टीतून जिवंत बाहेर येतो, हे त्यांचं ठाम मत. त्याचे पुरावे म्हणून सहाशे पानांची वही. बायको मल्लम्मा गेली त्या वर्षीसुद्धा वही घेऊन संमेलनाला आले होते. आम्ही त्यांची यथेच्छ टर उडवायचो. गेल्या वर्षी मी ग्रुपच्या फोटोवर कप्तानाला हार घालून ठेवला होता, महिनाभर. आप्पा रोज सकाळी एकच मेसेज टाकायचे: "कप्तान जिवंत हाय. हार काढा." ते वाचून पोरं लोटपोट व्हायची.

आणि एकोणतिसावा अंक? आप्पा त्याला कायम 'भरतीचा अंक' म्हणायचे, नुसती पानं भरायला काढलेला. त्यात कप्तानच नाही, म्हणून.

आता त्यांनी डोळे मिटले आणि पानन् पान सांगायला सुरुवात केली. "पान पयलं, तांब्याची माणसं रांगेत उभी. दुसरं, खड्डा खांदतेत. एका अनोळखी सैनिकाचं दफन हाय. अंगभर कापड. चेहरा दिसत न्हाई. शेवटपर्यंत दिसत न्हाई..." त्यांनी टोपीने डोळे पुसले.

"अहो आप्पा, भरतीचा अंक ना तो?" मी डिवचलं.

"लई मोठा अंक हाय तो, केदार," आप्पा म्हणाले.

४

इलियासभाईंनी सगळ्यांना कपाटासमोर बसवलं. दोन वाजून गेले होते.

"मी अनपढ माणूस तुमच्या बाबतीत," ते म्हणाले. "मला एवढंच कळतं की पुस्तक जागा बदलतं ते कुणीतरी ठरवल्यावर. आजपर्यंत तुमच्यापैकी कुणी म्हणलंय का, एकोणतीस आधी वाचायचा?"

"कधीच नाही," मी म्हणालो. "सतरावा तीनच्या नंतर वाचायचा यावरून मारामाऱ्या झाल्यात. एकोणतिसाबद्दल कुणी ब्र काढलेला नाही."

"म्हणजी ही अक्कल आज सकाळी आली. कुठनं आली? बेचाळीस नंबरमधनं. ज्यानं पाकीट फोडलं त्यानं नुसतं फोडलं न्हाई, बसून वाचलं. वाचून एकोणतीस काढला, ताडून बघितलं. आन् मंग परत ठिवताना जुन्या जागी ठिवायला त्याचा हात धजला न्हाई. चुकीच्या जागी कसा ठिवायचा?" त्यांनी भागवतकडे पाहिलं. "ह्यानं एकबी अंक वाचला न्हाई. ही पोरगी सोळाच्या पुढं गेली न्हाई. ह्या दोघांना बेचाळीस नंबर वाचून एकोणतिसाची जागा कळंल का?"

सगळ्यांच्या माना आपोआप आप्पांकडे वळल्या.

आप्पांनी नाकारलं नाही. "त्या मेसेजमुळं," एवढंच म्हणाले.

मेसेज माझा होता. शेवट वाचताना आप्पाचा चेहरा शूट करायचा, रील टाकायचं, भागवतने कॅमेरा धरायचा, असं आमचं ठरलं होतं. ते मी चुकून मोठ्या ग्रुपवर टाकलं आणि मिनिटभरात पुसलं. आप्पांनी तेवढ्यात वाचलं होतं.

"अगोदर वाचून घेतलं असतं तर तुमच्यासमोर चेहरा सांभाळता आला असता," आप्पा म्हणाले. "म्हणून उघडलं. पण वाचलं आन्... मला ते राहूच द्यायचं नव्हतं. कुणी वाचलं न्हाई तर झालंच न्हाई ना ते."

"पण शेवट काय हाय?" भागवतने विचारलं. आप्पांचं काय व्हायचं ते होवो, त्याला शेवट हवा होता. मलाही हवा होता.

"जीव गेला तरी सांगणार न्हाई."

"तुमी सांगितला आप्पा," इलियासभाई हळू आवाजात म्हणाले. "कपाटात लावून ठिवलाय. केदारशेठ, तुमीच सांगा, पयल्या अंकाच्या आधी त्या ग्रहावर माणूस कोण होता?"

मला क्षणभर लागला. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर कप्तान भानुकेत ताम्रग्रहावर उतरतो. एकटा. त्याच्याआधी तिथे माणसाचं पाऊल पडलेलंच नाही. म्हणजे ते दफन जर पहिल्या अंकाच्या आधीचं असेल, तर कापडाखाली दुसरं कोण असणार? उतरतानाच कप्तान मेला होता. आणि तो ग्रह मेलेल्याच्या आठवणींपासून तांब्याची माणसं घडवतो, हे तर बाराव्या अंकापासून आम्हाला पाठ. एक ते एक्केचाळीस अंक ज्याच्यावर आप्पांनी जीव लावला तो तांब्याचा पुतळा होता.

मी हे मोठ्याने सांगितलं. हळू सांगता आलं असतं, पण कोडं मला सुटलं याचाच मला जास्त आनंद झाला होता. आप्पा कपाटाकडे बघत राहिले. पुस्तक त्यांनी पाण्यात मळलं आणि त्याचा शेवट स्वतःच्याच हाताने ओळीत उभा करून ठेवला.

खाली जीप थांबल्याचा आवाज आला. सर आले होते.

५

चौघांनी खुर्चीसकट सरांना वर आणलं. डावा हात मांडीवर निपचित, उजवा थरथरणारा. मी बादली दाखवली आणि झालं ते सगळं सांगितलं. अपेक्षाताईने बादलीत वाकून पाहिलं. सरांनी बादलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कंडक्टर," ते आप्पांना म्हणाले. "शेवटपर्यंत वाचला का?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली.

सरांचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "मग झालं माझं काम," ते म्हणाले. "तुझी एकोणचाळीस पोस्टकार्डं आली होती मला. शाळेच्या पत्त्यावर. अंक सात, पान बारा, कप्तानाच्या पट्ट्यावरचा लाल गोळा उजवीकडं हवा, डावीकडं काढलाय. अंक नऊ, पान तीन, गोळा परत डावीकडं. हेडमास्तर स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचायचे. शिपाई हसायचे. पोरं फळ्यावर लाल गोळा काढून ठेवायची, डावीकडं. एक्केचाळिसाव्याला तुझं कार्ड आलं आणि मी ब्रश ठेवला."

"मी तर... कौतुकानं लिवत होतो सर," आप्पा म्हणाले. "दुसरं कोण एवढं बारीक बघत होतं?"

"ते मला काय ठाऊक! तेहेतीस वर्षं तू कप्तान जिवंत हाय म्हणून गावभर सांगत हिंडलास, ते मात्र मला कळत होतं. हा अंक मी तुझ्यासाठीच काढला. एका हातानं, आठ वर्षं. बत्तीस पानांत एक चूक न्हाई." सर आमच्याकडे वळले आणि अधीरपणे विचारलं, "वाचताना चेहरा कसा झाला याचा? कुणी पाह्यला का?"

कुणीच पाहिला नव्हता. त्यासाठीच तर आम्ही कॅमेरा ठेवणार होतो.

"बाबा, बस्स करा," अपेक्षाताई म्हणाली.

आप्पा उठले. वहीची पिशवी खांद्याला लावली, टोपी नीट केली आणि सरांच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. तिकीट मागायला उभं राहावं तसे, सरळ.

"सर, शेवटचं पान. पान बत्तीस," ते म्हणाले. "लाल गोळा डावीकडं काढलाय तुमी."

"खोटं!"

"ताम्रग्रहाबद्दल मी आजवर एक शब्द खोटा बोललो न्हाई. विचारा ह्यांना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण ते खरंच होतं. आप्पांच्या तोंडून चुकीचा पान नंबरसुद्धा कधी निघाला नव्हता.

"दाखवा," सर म्हणाले. उजवा हात बादलीकडे गेला. "मला बघू द्या. दाखवा ते पान."

दाखवायला काही उरलंच नव्हतं. आप्पा जिना उतरून गेले, आणि सर तेवढंच म्हणत राहिले.

६

तिसऱ्या दिवशी इलियासभाई दुकानात आले आणि टीपकागद उघडून काउंटरवर ठेवला. तुकडा सुकला होता. रंग उडाला होता, पण काळ्या शाईची रेघ शाबूत होती आणि लालाचा डाग टिकला होता. कोपऱ्यात बत्तीस आकडा, आणि कमरेच्या पट्ट्यावर गोळा. त्याच्यावर कप्तानाचा उजवा हात टेकलेला, अंगठ्यावरून स्पष्ट कळत होतं. गोळा जिथे हवा तिथेच होता.

आप्पा आयुष्यात पहिल्यांदा ताम्रग्रहाबद्दल खोटं बोलले होते.

"हे वडवणीला नेऊन द्या सरांना," इलियासभाई म्हणाले. "बुढ्याला चैन पडंल."

"उद्याच जातो," मी म्हणालो.

मी गेलो नाही. पहिल्या आठवड्यात वेळ नव्हता असं म्हणता येईल. नंतर अपेक्षाताईचा फोन आला. सर दिवसभर बत्तिसावं पान पुन्हा पुन्हा काढतात, हात थरथरतो, गोळा कधी इकडे पडतो कधी तिकडे, आणि येईल त्याला विचारतात की मी तेव्हा कुठे काढला होता. तिला रडू फुटलं. मी फोन ठेवला, ड्रॉवर उघडून तुकडा पाहिला आणि ड्रॉवर लावून टाकला. का, ते खरं सांगतो. इतकी वर्षं आम्ही सगळे सरांच्या शेवटाची वाट बघत होतो. आता सर वाट बघत होते आणि उत्तर एकट्या माझ्याकडे होतं. मला ते हातचं सोडवेना.

इलियासभाईंना मी दिला म्हणून सांगितलं.

सर चार महिन्यांनी गेले. आप्पा अंत्ययात्रेला आले होते, सगळ्यात मागे चालत होते, कुणाशी बोलले नाहीत. अपेक्षाताईने मला घरात नेऊन कागदांचा गठ्ठा दाखवला. दोनशेच्या वर पानं होती, सगळी बत्तीस नंबरची. शेवटच्या पानावर त्यांनी दोन्ही बाजूंना गोळा काढून ठेवला होता.

तुकडा मी एकोणतिसाव्या अंकात ठेवलाय. अंक आता सगळ्यात आधी लावतो, एकच्या डावीकडे, आप्पांनी लावला होता तसाच.